जुन्या लॅपटॉपच्या पोटातली किल्ली

दाजींचा प्रश्न सरळ होता. "पाव्हणं, ह्याला बी रिचार्ज असतंय का?"

मे महिन्यात त्यांनी भाचीसाठी परभणीतून एक जुना लॅपटॉप घेतला होता, सतरा हजारांना. भाचीची बारावी लातूरला झाली, आता कॉलेजात लॅपटॉपशिवाय भागणार नव्हतं, आणि नवा घ्यायचा तर कापसाचे पैसे हातात यायला दिवाळी उजाडली असती. दोन महिने तो बरा चालला. जुलैत पेरण्या उरकल्या आणि एका सकाळी स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात, खालच्या अंगाला 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं उमटली. वॉलपेपर गेला, मागं नुसता काळा पडदा. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "घेऊन या, दीडशे रुपयात करून देतो. फक्त अँटिव्हायरस बंद ठेवत जा, ते फाईल खाऊन टाकतंय."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी म्हटलं, तिकडं नेऊ नका, आधी माझ्याकडं आणा.

विंडोजला रिचार्ज नसतं. पण दाजींना तसं वाटलं यात त्यांची चूक नाही, कारण त्यांच्या मशीनला खरोखरच मुदत घालून ठेवलेली होती. ती कुणी घातली ते शोधायला पाच मिनिटं लागतात, आणि जुना कॉम्प्युटर घेणाऱ्या प्रत्येकानं ही पाच मिनिटं दुकानातच खर्च करावीत, पैसे देण्याआधी.

कीबोर्डवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण आणि आर, ही दोन एकदम दाबायची. डाव्या कोपऱ्यात छोटी चौकट उघडते. तिच्यात एस, एल, एम, जी, आर ही पाच इंग्रजी अक्षरं सलग, मग एक मोकळी जागा, मग उजवीकडं कललेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी, एल, आय. एंटर मारायचं आणि थोडं थांबायचं. जुन्या मशीनवर दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही, तेवढ्यात पुन्हा पुन्हा एंटर हाणू नये. मग एक खिडकी येते. तिच्यात 'डिस्क्रिप्शन' या ओळीच्या शेवटी 'चॅनल' असा शब्द असतो आणि त्याच्या आधीचा शब्द म्हणजे त्या विंडोजची जात. ओईएम, रिटेल किंवा व्हॉल्युम. सगळी कहाणी त्या एका शब्दात आहे.

ओईएम म्हणजे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीनंच मशीनसोबत दिलेली विंडोज. ही वावरातल्या बोअरसारखी. वावर विकलं की बोअर वावरासोबतच जातो, मालक बदलला म्हणून तो उपटून नेता येत नाही. तसं हे लायसन्स मशीनच्या मदरबोर्डाला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीला, बांधलेलं असतं. लॅपटॉप चार हातांतून फिरून तुमच्याकडं आला तरी ते त्याच्यासोबत येतं, कायदेशीरपणे. पण बोर्ड जळाला आणि दुकानदारानं दुसऱ्या कुठल्या मशीनचा बोर्ड बसवला, तर ते लायसन्स त्या जळक्या बोर्डासोबत गेलं.

रिटेल म्हणजे विहिरीवरची मोटार. स्वतः पैसे मोजून विकत घेतलेली, एका विहिरीवरून काढून दुसरीवर बसवता येणारी. मात्र एका वेळी एकाच विहिरीवर.

व्हॉल्युम ही तिसरी जात. साखर कारखान्याच्या कँटीनचं कुपन डोळ्यासमोर आणा. कामगाराला त्यावर जेवण मिळतं. ते कुपन त्यानं गेटबाहेर कुणाला विकलं म्हणून विकत घेणारा कामगार होत नाही. मोठ्या कंपन्या, बँका, विद्यापीठं शेकडो मशीनसाठी मायक्रोसॉफ्टशी एकत्र करार करतात, त्यातलं हे लायसन्स. मशीन भंगारात किंवा लिलावात निघालं की हा हक्क मशीनसोबत बाहेर येत नाही, तो संस्थेकडंच राहतो.

दाजींच्या लॅपटॉपवर खिडकी उघडली तर आत 'व्हॉल्युम केएमएस क्लायंट' लिहिलेलं. खाली स्थिती, 'नोटिफिकेशन', म्हणजे मुदत संपलेली.

ही केएमएस भानगड नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या मशीनवर ती हमखास सापडते. मोठ्या संस्थेत प्रत्येक मशीनची किल्ली, म्हणजे विंडोज चालू करायची लायसन्सची अक्षरं, वेगळी टाकत बसणं परवडत नाही. म्हणून संस्थेच्या आतच एक सर्व्हर ठेवतात. बाकीची मशीनं त्याच्याकडं हजेरी लावतात आणि तो प्रत्येकाला १८० दिवसांची मुदत देतो. साधारण दर सात दिवसांनी मशीन पुन्हा हजेरीचा प्रयत्न करतं आणि मुदत परत १८० वर जाते. निदान २५ मशीनं असल्याशिवाय हा सर्व्हर दाद देत नाही. म्हणजे ही सोय कचेऱ्यांसाठीच केलेली आहे.

क्रॅक करणाऱ्यानं, म्हणजे लायसन्स नसताना विंडोज चालू करून देणाऱ्यानं, काय केलं? तुमच्याच लॅपटॉपमध्ये एक तोतया सर्व्हर बसवला. विंडोज हजेरी लावते, तोतया म्हणतो "हजर", आणि १८० दिवस मिळतात. अँटिव्हायरस या तोतयाला ओळखतो आणि उचलून फेकतो. म्हणून तो बंद ठेवायचा सल्ला. तोतया गेला की मशीन जुन्या मुदतीवर चालत राहतं आणि ती संपली की कोपऱ्यात अक्षरं उमटतात. दाजींना मी बोटांवर मोजून दाखवलं. जुलैतून सहा महिने मागं गेलं की जानेवारी. म्हणजे दुकानदारानं जानेवारीत हे मशीन 'तयार' करून फळीवर ठेवलं, मेमध्ये विकलं, आणि चार महिन्यांची मुदत फळीवरच संपलेली होती.

"म्हणजे शिळंच दिलं की," दाजी म्हणाले.

शिळ्यापेक्षा वाईट ते अँटिव्हायरसचं. हे क्रॅक कुठून येतात? कुणीतरी फुकट वाटलेल्या फायलींतून. त्या फाईलला मशीनचे सगळे अधिकार द्यायचे, राखणदाराला झोपवायचं, आणि त्याच मशीनवर बँकेचा पासवर्ड टाकायचा. सगळेच क्रॅक चोरी करतात असं नाही, पण कुठला करतो आणि कुठला नाही हे ओळखायची सोय तुमच्याकडं नसते, दुकानदाराकडंही नसते. कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ६३ ब हे नेमकं यासाठीच आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून वापरली तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी, कमाईसाठी वापर नसेल तर कोर्ट कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं, अशी मोकळीक त्याच कलमात आहे. घरात अभ्यास करणाऱ्या पोरीच्या दारात उद्या पोलीस येतील असं मी म्हणणार नाही. पण सेवा केंद्र, झेरॉक्स, क्लासेस चालवणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचून ठेवावं, कारण त्यांच्यासाठी तो धंद्याचाच वापर आहे.

आता यातली मला सगळ्यात चीड आणणारी गोष्ट. दाजींच्या लॅपटॉपमध्ये अस्सल विंडोजची किल्ली होतीच. पहिल्या दिवसापासून. दुकानदारानं तिच्यावर नक्कल चढवली होती.

हे कसं, ते कळायला किल्ली कुठं ठेवलेली असते ते बघावं लागेल. विंडोज ७ च्या काळात लॅपटॉपच्या बुडाला एक स्टिकर असायचा आणि त्यावर पंचवीस अक्षरांची किल्ली छापलेली. घामानं, घासून घासून ती अक्षरं उडून जायची. २०१२ मध्ये विंडोज ८ आली तेव्हापासून मोठ्या कंपन्यांनी ती किल्ली थेट मदरबोर्डावरच्या चिपमध्ये, बायोस म्हणतो आपण त्यात, लिहून ठेवायला सुरुवात केली. गुरांच्या कानात बारा आकडी बिल्ला मारतात ना, तसा हा मशीनचा बिल्ला. हार्डडिस्क काढा, फॉरमॅट मारा, एसएसडी बसवा, बिल्ला जागेवरच असतो. २०१५ मध्ये विंडोज १० आली आणि तिसरी पद्धत सुरू झाली. एकदा अस्सल विंडोज चालू झाली की त्या मशीनची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. पुन्हा तीच विंडोज टाकली आणि नेट जोडलं की ती आपोआप ओळख पटवून चालू होते, किल्ली विचारत नाही. याला डिजिटल लायसन्स म्हणतात. आपल्या भाषेत, फेरफाराची नोंद.

मग चालू असलेल्या मशीनवर नक्कल का चढवली जाते? कारण आळस, दुसरं काही नाही. दुकानात एक पेनड्राइव्ह असतो, त्यात प्रो विंडोज आणि क्रॅक तयार. येईल त्या मशीनला तोच डोस. पण भारतात घरगुती लॅपटॉपवर बहुतेक वेळा 'होम सिंगल लँग्वेज' नावाची विंडोज येते. प्रो आणि होम सिंगल लँग्वेज या दोन वेगळ्या कोठड्या आहेत, एकीची किल्ली दुसरीला लागत नाही. प्रो टाकली की आतली होमची किल्ली तशीच पडून राहते, आणि दुकानदार म्हणतो, "ओरिजिनल नाहीये साहेब ह्यात, क्रॅकच मारावा लागंल."

कचेऱ्यांतून लिलावात निघालेल्या मशीनचं उलट असतं. त्यात बहुधा प्रोचीच किल्ली असते. तिथं कुणी होम टाकून बसलं की तेही अडकतं. म्हणून फॉरमॅट करण्याआधी मशीन मूळ कुठल्या विंडोजसोबत आलं होतं ते बघावं.

अडचणीची जात एकच, विंडोज ७ च्या काळातली मशीनं. त्या स्टिकरवरच्या किल्लीनं विंडोज १० फुकटात चालू व्हायची, अधिकृत मुदत जुलै २०१६ मध्ये संपली तरी बरीच वर्षं व्हायची. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती वाटही बंद केली. त्या मशीनवर पूर्वी कधी विंडोज १० अस्सल चालू झालेली असेल तर नोंद टिकून आहे, नाहीतर स्टिकर आता शोभेचा.

विंडोज १० की ११, हा प्रश्नही जुन्या मशीनला सोडत नाही. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव मुदत घेता येते, तेवढाच तो श्वास. विंडोज ११ ला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखणं सोपं आहे. लॅपटॉपवर 'आय ५' च्या पुढं चार आकडे असतात. ६३०० असेल तर सहावी, ८२५० असेल तर आठवी. पाच आकडी नंबर दहापासून सुरू होत असेल तर दहावी. माळेगावच्या यात्रेत घोडं घेताना आपण आधी दात बघतो, तसा हा आकडा बघायचा. काही मशीनमध्ये चिप असते पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. इंटेलच्या मशीनवर तिचं नाव पीटीटी असं दिसतं, ते चालू केलं की काम होतं. सहाव्या-सातव्या पिढीवर विंडोज ११ जुगाडानं बसते हे खरं, पण पुढची अपडेट मिळेलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. जे मशीन दुसऱ्याला द्यायचंय त्यावर मी तरी हा जुगाड करत नाही.

दाजींचा निघाला ८२५०. तेवढं नशीब.

विंडोज टाकण्याचं काम आता पूर्वीसारखं अवघड राहिलेलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' फुकट मिळतं, निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, आणि डाउनलोडला पाच जीबीच्या वरच डेटा जातो, म्हणून वायफाय असेल त्याच्या घरी बसून हे करावं. लॅपटॉप सुरू करताना पेनड्राइव्हवरून उठवायचं बटण कंपनीगणिक वेगळं. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एफ ९, आसूसला एस्केप. पुढं डिस्कचे जुने भाग पुसून सगळी मोकळी जागा विंडोजच्या हवाली करायची. आधी आतलं काही ठेवायचं असेल तर काढून घ्या, कारण नंतर रडून उपयोग नाही.

आमच्याकडं खरी अडचण लाईटची. जुन्या लॅपटॉपची बॅटरी अर्ध्यावर आलेली असते, निम्मं काम झालं की लाईट जाते. दाजींचं मशीन आम्ही इन्व्हर्टरच्या पिनेवर लावूनच सुरुवात केली. दुसरी अडचण वायफायची. विंडोज ११ होम सुरुवातीलाच नेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागते, आणि कधीकधी नेमका वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे वायफाय चालवणारा छोटा प्रोग्राम, त्यात नसतो. नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. अशा वेळी मोबाईल चार्जिंगच्या केबलनं लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. बहुतेक वेळा चालतं.

आणि मग तो क्षण, ज्यासाठी मी दाजींना शेजारी खुर्ची देऊन बसवलं होतं. एरवी ही विंडोज टाकताना किल्ली विचारली जाते, मग होम, प्रो, एज्युकेशन अशी यादी येते. इथं दोन्ही आलं नाही. मशीननं आपला बिल्ला स्वतःच वाचला आणि होम सिंगल लँग्वेज गुपचूप बसवायला घेतली. तुमच्या लॅपटॉपलाही ही यादी आली नाही तर समजा की आत किल्ली आहे. यादी आली तर घाबरू नका, 'किल्ली नाही' असं सांगून मूळची आवृत्ती निवडा आणि नंतर नेट जोडून बघा, सर्व्हरवर नोंद असेल तर चालू होईल.

किल्लीपेक्षा मोठी फसवणूक मात्र वेगळीच आहे, आणि ती मला माझ्या पैशानं कळली. चार वर्षांपूर्वी मी स्वतः एक जुना लॅपटॉप ऑनलाइन मागवला होता. दिसायला झकास. सहा महिन्यांनी फॉरमॅट करून नेट जोडलं तर पडद्यावर एका परक्या कंपनीचं नाव आणि स्वागत, आणि खाली त्या कंपनीचा ईमेल-पासवर्ड मागायला लागलं. कंपन्या आपली मशीनं 'ऑटोपायलट' नावाच्या यादीत नोंदवतात. चोरीला गेलेलं मशीन फॉरमॅट केलं तरी ते मालकाचं नाव सांगतं. मशीन विकताना यादीतून नाव काढायचं असतं, ते राहिलं किंवा मशीन सरळ मार्गानं बाहेर आलंच नव्हतं. हे कुलूप फॉरमॅटनं निघत नाही, ती कंपनीच काढू शकते. विकणाऱ्यानं नेट न जोडता विंडोज टाकून मला दिलं होतं, म्हणून ते सहा महिने झाकून राहिलं. तसाच बायोसचा पासवर्ड. तो असला तर पेनड्राइव्हवरून मशीन उठवायचीही सोय राहत नाही. म्हणून दुकानात दोन गोष्टी करून बघा. बायोस उघडतंय का, आणि समोर विंडोज रीसेट करून, नेट जोडून, कुणाचं नाव येतंय का. दुकानदार कुरकुर करेल, अर्धा तास जाईल. करेना का. पावतीवर सिरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नका, तेवढाच आपला सातबारा.

आत किल्ली नसेलच तर? ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांत मिळणाऱ्या किल्ल्यांचा मोह होतो. एवढ्या स्वस्तात विकली जाणारी किल्ली बहुतेक वेळा कँटीनच्या कुपनाच्याच वाणाची असते. आज चालते, मूळ संस्थेनं रद्द केली की बंद. पैसे खर्चायचेच तर अधिकृत विक्रेत्याकडून रिटेल घ्या, किंवा किल्ली आत असलेलं दुसरं मशीन घ्या. माझा कौल दुसऱ्या पर्यायाला, कारण विंडोजची पूर्ण किंमत जुन्या लॅपटॉपच्या किमतीत मिसळली की तो सौदा सौदा राहत नाही.

तिसरा रस्ता लिनक्सचा, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा. त्यालाही लायसन्स असतं, पण ते उलट्या दिशेनं बोलतं. वापरा, कॉपी करा, शेजाऱ्याला द्या, फक्त पुढच्यालाही हीच मोकळीक द्या. २०११-१२ च्या मशीनवर, ४ जीबी रॅमवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती मजेत चालते. पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते, डिस्कला हात न लावता. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं आपल्याकडंच बनवलेली बॉस नावाची लिनक्सही आहे. देवनागरीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आतच असतो. मराठी टायपिंग इनस्क्रिप्टवर शिकलेल्याला पहिल्या दिवसापासून अडचण नाही.

पण लिनक्सवाले सांगत नाहीत तेही सांगतो. टॅली, डिजिटल सहीचा टोकन, अंगठ्याचं मशीन, गावातल्या सेवा केंद्राची बरीचशी कामं आजही विंडोज धरूनच बसली आहेत. ज्याचं पोट यावर आहे त्याला मी लिनक्स टाकून देत नाही. ज्याला ब्राउझर, पीडीएफ आणि निबंध लिहायचाय त्याला आग्रहानं देतो.

भाचीला तिच्या कॉलेजातल्या प्रोजेक्टसाठी विंडोजच पाहिजे होती आणि ती आता तिच्याकडं आहे. पाच अक्षरांची ती आज्ञा पुन्हा चालवून दाखवली. व्हॉल्युम गेलं, ओईएम आलं, स्थिती 'लायसन्स्ड'. वॉलपेपर बदलायची सोय परत आली तशी दाजींनी पोळ्याला सजवलेल्या बैलजोडीचा फोटो मोबाईलमधून काढून पाठवला.

लायसन्सचं मिटलं. बॅटरी मात्र चाळीस मिनिटांच्या वर जात नाही, आणि तिची नवी किंमत विचारल्यापासून दाजी गप्प आहेत.